क्रीडापटूची शिष्यवृत्ती आणि शालेय स्पर्धेतील न्याय : टेनेसीचा अनुभव

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एखाद्या खासगी शाळेने व्हायोलिन उत्तम वाजविणाऱ्या गरीब मुलाची फी माफ केली, तर तिच्या क्रीडासंघांच्या स्थानात काहीही फरक पडत नाही. परंतु तीच माफी तितक्याच गरीब, पण शाळेच्या फुटबॉल-संघात खेळणाऱ्या मुलाला मिळाली, तर त्या शाळेला सरकारी शाळांच्या पहिल्या विभागातून बाहेर पडून वेगळ्या, दुसऱ्या विभागात खेळावे लागते, अशी व्यवस्था तेथील शालेय क्रीडासंघटनेने १९९७ साली केली. या व्यवस्थेच्या मुळाशी द्वेष नव्हता, न्यायबुद्धीच होती; आणि म्हणूनच तिचे परिणाम तपासून पाहण्याजोगे आहेत.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा अवश्य आहे. इंग्लंडात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे जबर फी घेणारी खासगी शाळा. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ करांतून चालणारी, विनामूल्य, सर्वांना खुली असलेली शाळा असा होतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या शाळांना ‘सरकारी शाळा’ असे म्हटले आहे. टेनेसीतील दोन्ही प्रकारच्या शाळांचे सामने भरविणारी संघटना १९२५ पासून कार्य करीत आहे. सभासदत्व ऐच्छिक असले, तरी तिच्याबाहेर राहणाऱ्या शाळेला खेळावयास प्रतिस्पर्धीच उरत नाही, असे तिचे स्थान आहे. पुढे ज्या खटल्याचे विवेचन करावयाचे आहे त्याच्या काळी तिच्यात सुमारे २९० सरकारी व ५५ खासगी शाळा होत्या. म्हणजे नियम करणाऱ्यांत एका पक्षाचे बहुमत निर्विवाद होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

सरकारी शाळांची तक्रार समजण्यास कठीण नाही. सरकारी शाळेला सामान्यतः तिच्या ठरलेल्या वस्तीतील मुले घ्यावी लागतात. जी येतील त्यांतूनच संघ उभारावयाचा. खासगी शाळेला अशी सीमा नसते. शाळांची वर्गवारी विद्यार्थिसंख्येवरून केलेली असते, आणि ही संख्या दोन्हीकडे सारखी दिसली तरी तिचा अर्थ सारखा नसतो : एकीकडे चारशे मुले म्हणजे त्या गावची सारी मुले, तर दुसरीकडे चारशे मुले म्हणजे साऱ्या शहरातून वेचलेली मुले. बास्केटबॉलसारख्या खेळात मैदानावर पाचच खेळाडू असतात. तेथे बाहेरून आलेला एक उंच, चपळ मुलगा साऱ्या हंगामाचे पारडे फिरवू शकतो. त्याला आणावयाचे साधन कोणते, तर फीची माफी, असा समज दृढ होणे स्वाभाविक होते. केवळ खेळातील कौशल्यासाठी द्यावयाची शिष्यवृत्ती संघटनेने निषिद्धच मानली होती. प्रश्न उरला तो कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीवरून दिल्या जाणाऱ्या साहाय्याचा. हे साहाय्य खेळाडूंना देणाऱ्या शाळांचा वेगळा विभाग करावा, हा १९९७ चा निर्णय त्यातून निघाला.

त्याच वर्षी नॅशव्हिलजवळील ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेचे प्रकरण उपस्थित झाले. तिच्या फुटबॉल-शिक्षकाने आठवीतील काही मुलांना वसंतऋतूतील सरावास येण्याचे निमंत्रण देणारे पत्र पाठविले. या मुलांचा शाळेतील प्रवेश ठरलेला होता, परंतु ती अद्याप दाखल झालेली नव्हती. पत्रात लवकर सामील होण्यात मुलांचाच लाभ आहे असे सुचविले होते, आणि सही ‘तुमचा शिक्षक’ अशा अर्थाच्या शब्दांनी केली होती. खेळाच्या हेतूने विद्यार्थ्यावर अनुचित प्रभाव टाकू नये, या नियमाचा हा भंग आहे असे संघटनेने ठरविले. चार वर्षांची परिवीक्षा, फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल-संघाला दोन वर्षे बाद फेरीची बंदी आणि तीन हजार डॉलर दंड, असे शिक्षेचे स्वरूप होते. शाळेने न्यायालयात धाव घेतली. मुलांना पत्र लिहिणे हे भाषणस्वातंत्र्य आहे, आणि संघटना ही वस्तुतः राज्ययंत्रणेचाच भाग असल्यामुळे तिला घटनेचे बंधन लागू आहे, असा तिचा दावा होता.

या दाव्याचा उत्तरार्ध प्रथम निकालात निघाला. राज्याच्या शिक्षणमंडळाने १९७२ साली या संघटनेला नियमाने मान्यता दिली होती, आणि १९९६ साली तो नियम काढून टाकला होता. कागदावरील संबंध तुटला. परंतु मंडळाचे सदस्य पदसिद्ध म्हणून संघटनेच्या समित्यांवर बसतच राहिले. २० फेब्रुवारी २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, सरकारी शाळांचे अधिकारी या संघटनेत इतके गुंफले गेले आहेत की तिची कृती ही राज्याचीच कृती मानली पाहिजे. न्यायमूर्ती सूटर यांनी हा निर्णय लिहिला.

मूळ नियमाचा प्रश्न सुटण्यास आणखी सहा वर्षे लागली. २१ जून २००७ रोजी न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निर्णयात शाळा हरली, आणि या निष्पत्तीविषयी न्यायालयात मतभेद नव्हता. शाळा आपखुशीने संघटनेत आली आहे. लहान मुलांना खेळासाठी ओढण्याने त्यांचे शोषण होऊ शकते, स्पर्धेचा समतोल ढळतो आणि अभ्यासापेक्षा खेळाला महत्त्व येते. तेव्हा असा नियम करण्यास संघटनेला पुरेसे कारण आहे, असे न्यायालयाने म्हटले. मतभेद झाला तो एका उपमेवरून. अपघातात सापडलेल्या तरुणीच्या रुग्णशय्येजवळ जाऊन वकीलपत्र मागणाऱ्या वकिलावरील कारवाई न्यायालयाने १९७८ साली ग्राह्य धरली होती. त्या वकिलाशी स्टीव्हन्स यांनी क्रीडाशिक्षकाची तुलना केली. चार न्यायमूर्तींनी ही तुलना अमान्य केली. त्यांचा आक्षेप सयुक्तिक वाटतो. ज्या मुलाच्या घरच्यांनी प्रवेश आधीच निश्चित केला आहे, तो असहाय रुग्णाच्या पंक्तीस बसत नाही.

इतर राज्यांनी निराळा मार्ग धरला : खासगी शाळेची विद्यार्थिसंख्या विशिष्ट गुणकाने वाढवून तिला वरच्या वर्गात खेळावयास लावावयाचे. अलाबामाने १९९९ मध्ये १.३५ हा गुणक स्वीकारला. इलिनॉयने २००५ मध्ये १.६५. पहिल्या हिशेबाने चारशे मुलांची शाळा ५४० ची गणली जाते. हा उपाय ओबडधोबड आहे, कारण दुबळ्या खासगी शाळेलाही तोच भार सोसावा लागतो. परंतु त्यात एक गुण आहे, तो असा की तो कोणत्याही एका मुलाच्या परिस्थितीकडे बोट दाखवीत नाही.

टेनेसीच्या १९९७ च्या विभागणीतील दोष नेमका येथे आहे. खासगी शाळेचा लाभ कशात, तर सीमेच्या अभावात. जो बाप पूर्ण फी भरू शकतो, त्याचा खेळाडू मुलगा तीस मैलांवरून आला तरी शाळा पहिल्या विभागात राहू शकते. शेजारच्या गल्लीतील गरीब मुलाला साहाय्य देताच मात्र ती त्या विभागाला मुकते. म्हणजे ज्या असमतोलासाठी नियम केला तो तसाच राहतो. गाळले जाते ते केवळ दारिद्र्य. शिवाय पहिल्या विभागात टिकू पाहणाऱ्या शाळेला, गरीब मुलांपैकी खेळणाऱ्यांनाच साहाय्य नाकारण्याचे सबळ कारण मिळते. उलट पक्षी असे म्हणता येईल की नियम नसता तर ‘गरज’ हे निमित्त झाले असते. गरज अनेकांना असते, परंतु कोणाची पुरवावयाची हे प्रवेशसमिती ठरविते, आणि समितीला फुटबॉल-शिक्षकाचा शब्द ऐकू येत नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हे खरे आहे. तथापि त्यावरचा उपाय साहाय्याच्या अटींत शोधावयास हवा : ते खेळण्यावर अवलंबून आहे काय, गुडघा मोडलेल्या मुलाचे ते पुढील वर्षी चालू राहते काय, न खेळणाऱ्या गरीब मुलांच्या वाट्याला किती येते. संघांमधील न्याय आणि मुलांमधील न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि टेनेसीत पहिलीचे मोल दुसरीने चुकते केले गेले.

२०२५ साली टेनेसीने खासगी शाळांतील शिक्षणासाठी राज्याच्या खजिन्यातून शिष्यवृत्त्या देण्याचा कायदा केला आणि पहिल्या वर्षाकरिता वीस हजार शिष्यवृत्त्यांची तरतूद केली. त्यांपैकी निम्म्यांना उत्पन्नाची मर्यादा होती. हे साहाय्य शाळेच्या पदरचे नव्हे, आणि ते कोणास द्यावयाचे हे कोणतीही प्रवेशसमिती वा कोणताही क्रीडाशिक्षक ठरवीत नाही. साहाय्य म्हणजे शाळेने मोजलेली किंमत, या ज्या गृहीतकावर १९९७ ची विभागणी उभी राहिली, ते अशा मुलाच्या बाबतीत लागू पडत नाही.