एका गोधडीखालची शाळा
डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात, हे इग्नाझ सेमेलवाईसने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये दाखवून दिलं. मृत्यू झपाट्याने घटले, तरी बहुतेक सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. इतके शिकलेले लोक, पुरावा डोळ्यांसमोर, आणि तरी सवय बदलेना! असं का व्हावं?

आरोग्य-मानसशास्त्र आज याच प्रश्नामागे लागलं आहे. लंडनच्या सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक सोपी मांडणी केली: माणसाला ते काम जमलं पाहिजे, परिस्थितीनं वाव दिला पाहिजे आणि मनातून करावंसं वाटलं पाहिजे. तीन दगडांची चूल; एक दगड काढला की भांडं कलंडलंच.

हे तीन दगड प्रत्यक्षात पाहायला आता अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या टोकाला, दुष्काळी जामखेडला या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथं आरोग्याचं काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सना गावागावांत ठेवून पाहिलं. जमलं नाही. नर्स कामचुकार होत्या का? मुळीच नाही! परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी. तिला ना आधार, ना गावाचा विश्वास. ज्ञान होतं, वाव नव्हता.

मग गावातूनच सूचना आली: आमच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवा की! आणि निवडल्या गेलेल्या बायका कोण? बहुतेक निरक्षर, अनेक दलित. त्या जामखेडला येत, शिकत, मुक्काम करत. रात्री सगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. मला ही गोधडी औषधाच्या कुठल्याही बाटलीपेक्षा मोठी वाटते. शिवाशिव पाळणारा हात दुसरीच्या बाळंतपणाला कसा पुढे होणार? आधी तो हात मोकळा व्हायला हवा होता.

पण खरी कसोटी होती शिकलेल्यांची. जे आपल्यालाच येतं, ते निरक्षर बाईला शिकवून टाकायचं? मग आपली किंमत काय, असं कुणालाही वाटेल. जामखेडच्या फिरत्या पथकातले डॉक्टर आणि नर्स गावात जात तेव्हा त्यांना गावचा हालहवाल सांगणारी होती हीच आरोग्यसेविका. कुठलं मूल वाळतंय, कुणाला दिवस गेलेत, हे तिलाच ठाऊक. तिचं ऐकल्याशिवाय काम पुढं सरकतच नव्हतं. आदर राखा असं भाषण देण्याची गरजच उरली नाही. कामाच्या रचनेनंच तो घडवला!

१९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. पुढच्या काही दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या पुस्तकात जामखेडची हकिगत छापली, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच बायका होत्या.