मूत्र‘पिंडी’ ते ब्रह्मांडी!

खाटकाकडून बोकडाचा एक गुर्दा आणा. धारदार सुरीनं मधोमध उभा चिरा. काठाचा भाग गडद तपकिरी-लाल, आतला फिकट आणि रेघारेघांचा. अभिनंदन! मायक्रोस्कोपला हात न लावता तुम्ही किडनीचे दोन मोठे प्रांत ओळखलेत: बाहेरचा कॉर्टेक्स आणि आतला मेड्युला.

आता खरी धमाल. पांढुर्णा-सौंसरची पोरं एमबीबीएसला छिंदवाड्यात लागोत की नागपुरात, फर्स्ट इयरला हिस्टॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला किडनीची स्लाइड समोर येतेच. डोळा लावला की सगळं गुलाबी, सगळं गोल! ओळखायचं काय आणि कसं? चला, स्पॉटिंगला!

माहीत आहे का, ही गुलाबी स्लाइड मुळात जवळपास बिनरंगाची असते? केंद्रकांना निळा-जांभळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन येतं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून. बाकीचा गुलाबी थाट इओसिनचा. दोघांची जोडी म्हणजे ‘एच अँड ई’, पॅथॉलॉजीतली सुपरहिट जोडी!

आणि काप किती पातळ? तीन ते पाच मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा काप आरामात मावतील. म्हणूनच तर घोळ होतो. नेफ्रॉन ही वळणावळणाची लांब नळी. ती अख्खी एका कापात कधीच सापडत नाही, दिसतात फक्त तिचे तुकडे. कुठे गोल, कुठे लांबट, कुठे तिरपे.

पहिला स्पॉट सगळ्यात सोपा. केशवाहिन्यांचा गोल गुच्छ आणि त्याच्याभोवती पांढरी चंद्रकोर दिसली? तो गुच्छ म्हणजे ग्लोमेरुलस, चंद्रकोर म्हणजे बोमनची पोकळी. हा गडी फक्त कॉर्टेक्समध्येच राहतो. तो दिसला, की पत्ता पक्का!

इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीनं हे गुच्छ १६६६ मध्ये जगाला सांगितले. कसे दिसले? पठ्ठ्यानं किडनीच्या रोहिणीत काळी शाई सोडली होती! पण गुच्छ आणि नळी एकमेकांना जोडलेली आहेत, हे ठामपणे दाखवायला १८४२ उजाडावं लागलं. ते दाखवणारा विल्यम बोमन तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. इंटर्नशिपच्या वयात स्वतःच्या नावाची कॅप्सूल!

बरं, गुच्छाभोवतीच्या त्या गुलाबी गोलांचं काय? इथेच भले भले अडखळतात. पीसीटी की डीसीटी? जवळची वळणदार नळी की दूरची? जरा थांबून नीट बघा, कारण अख्ख्या स्लाइडचा हीरो इथेच आहे.

पीसीटीचा रंग भडक गुलाबी. काहून? पेशींत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले. नळीची पोकळी अंधुक, धूसर, कडा अस्पष्ट. ती घाण नाही बरं! ते आहेत लाखो सूक्ष्म केस, म्हणजेच ब्रश बॉर्डर. पेशी आडव्या-तिडव्या मोठ्या, त्यामुळे एका गोलात केंद्रकं मोजकीच. डीसीटी नेमकी उलट: रंग फिका, पोकळी स्वच्छ आणि ऐसपैस, केंद्रकं जास्त. अजून शंका आहे? मग पीएएस नावाचा स्टेन वापरा. ब्रश बॉर्डर किरमिजी रंगात अशी उठून दिसते, की वादच मिटतो.

आणि कॉर्टेक्समध्ये कुठेही बोट ठेवा, ते पीसीटीवरच पडण्याची शक्यता जास्त. नळी लांब, वळणं जास्त, म्हणून स्लाइडवर तुकडेही तिचेच जास्त. संशय आला तर पीसीटी लिहा, मार्क मिळण्याचे चान्सेस चांगले!

ही नळी इतकी राबते तरी का? ऐका. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पाण्याचे वीस लिटरचे नऊ जार! बाहेर पडते फक्त दीड-दोन लिटर लघवी. परत खेचलेल्या मालातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा एकट्या पीसीटीचा. निरोगी माणसाची साखर तर ती जवळपास सगळीच परत आणते.

डीसीटीच्या भिंतीवर एका जागी केंद्रकं खेटून बसलेली दिसतील. नाव मॅक्युला डेन्सा, वस्तीही डेन्सच! नळीतून मीठ किती जातंय, यावर तिची सतत नजर. शेजारच्या पेशी रेनिन सोडतात आणि ब्लड प्रेशरची सूत्रं हलतात.

मेड्युलात उतरा. तिथे चपट्या पेशींच्या बारीक नळ्या असतात, हेन्लेच्या लूपच्या. अगदी केशवाहिनीसारख्या दिसतात. युक्ती एकच: आत लाल पेशी दिसल्या तर रक्तवाहिनी, नाही दिसल्या तर बहुधा लूप.

आणि ज्या नळीत पेशी-पेशींमधल्या सीमारेषा अगदी स्पष्ट दिसतात, ती कलेक्टिंग डक्ट. मे महिन्यात सौंसरच्या संत्राबागेत दिवसभर राबलेल्या माणसाची लघवी गडद पिवळी होते ना? ती हिची करामत. शरीरात पाणी कमी पडलं, की हार्मोनच्या हुकमानं तिच्या पेशींतली पाण्याची दारं उघडतात आणि पाणी परत आत. त्या दारांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं!

एक भन्नाट मासा सांगू? समुद्रातल्या गूजफिशच्या किडनीत ग्लोमेरुलसच नसतो. स्पॉटिंगला ही स्लाइड आली, तर पहिला नियमच गुल!

आता जरा गंभीर. कारण माणसाच्या किडनीची स्लाइड आपल्या दारात येऊन गेली आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागात लहान लेकरांना साधा ताप-खोकला आला आणि मग लघवीच बंद झाली. अनेकांना नागपूरला हलवलं. काहींच्या किडनीची बायोप्सी झाली आणि संशयाची सुई विषारी द्रव्याकडे वळली. ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या तामिळनाडूतल्या तपासणीत डायइथिलिन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का! छिंदवाडा, बैतूल आणि आपला पांढुर्णा मिळून वीसहून जास्त लेकरं गेली.

हे विष मारतं कुणाला? आपल्या हीरोला, पीसीटीला. यकृतात त्याचं डायग्लायकॉलिक अ‍ॅसिड बनतं, ते पीसीटीच्या पेशींत साठतं. पेशी फुगतात, मरतात, नळीत गळून पडतात. स्लाइडवर विष दिसत नाही, दिसते ती त्यानं केलेली नासधूस. ब्रश बॉर्डर कुठे असते, हे ज्याला पाठ आहे, त्यालाच ती नाहीशी झालेली कळते. म्हणून ते फर्स्ट इयरचं स्पॉटिंग मला फार मोलाचं वाटतं.

आणि हे पहिल्यांदा घडलं का? नाही हो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्णांचे जीव घेतले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष, तीच नळी. हे अक्षम्य आहे.

एक दिलासा मात्र आहे. नळीचा पाया शाबूत राहिला आणि डायलिसिसनं वेळ मिळवून दिला, तर पीसीटीच्या पेशी पुन्हा वाढू शकतात. ग्लोमेरुलसवरच्या पोडोसाइट पेशींना हे सहसा जमत नाही. म्हणजे इथे एकेक तास महत्त्वाचा!

तेव्हा आयाबायांनो, बापलोकांनो, ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलेलं लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्या-सर्दीचं सिरप नकोच, पाचच्या आतल्यांनाही सहसा नको. मागच्या वेळची उरलेली बाटली फेकून द्या. आणि आजारी लेकराची लघवी कमी झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. सोबत औषधाची बाटलीही न्या.