नाल्यातून वाहून जाणारी खताची पोती

नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावे आपल्या जिल्ह्यातल्या शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. खताच्या दुकानापुढे रांगेत उभे राहून, उधारी करून आपण डीएपीचे पोते घरी आणतो ते त्यातल्या स्फुरदासाठीच. पण हेच स्फुरद रोज आपल्या मोरीतून आणि संडासातून फुकट नदीला जाते, हे शिकल्यासवरल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही.

हिशेबच करू या. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण एक ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. 2011 च्या जनगणनेत नगर शहराची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, लोकसंख्या साडेतीन लाख होती. म्हणजे रोजचे साडेतीनशे किलो. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद भरते सुमारे 10 किलो. (पोत्यावर 46 टक्के लिहिलेले असते ते ऑक्साइडच्या रूपातले.) एका शहरातून दररोज पस्तीस पोती! सगळीच नदीत जात नाहीत, शौचटाक्यांच्या गाळात बरीच अडकतात, हे खरे. पण कपडे धुण्याच्या काही पावडरींतले फॉस्फेट यात धरलेलेच नाही.

शेतात सोने ठरणारी ही वस्तू नदीत का नडते? कारण वाहत्या स्वच्छ पाण्यात स्फुरद फार थोडे असते आणि त्या टंचाईमुळेच शेवाळ आवरलेले राहते. 1973 साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कर्ब आणि नत्र टाकले, स्फुरद मात्र एकाच भागात. थोड्याच दिवसांत तो भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. एक ग्रॅम स्फुरदावर शंभरेक ग्रॅम वाळलेले शेवाळ तयार होऊ शकते. ते मेले की कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळेच. जलपर्णीचेही तेच. ती कितीही उपसा, खाली खुराक चालू असला की पुन्हा गालिचा तयार.

नगरची सीना पावसाळा सोडला तर बव्हंशी शहराच्या सांडपाण्यावरच वाहते. ती पुढे कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्ड्याच्या धरणात जाते. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला भीमा आहे. सिद्धटेकच्या खालच्या बाजूला उजनीचा फुगवटा लागतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने भीमेत आणि तिथून उजनीत उतरते. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. घाण शहराची, आणि त्या पाण्यावर जगणारे काठचे मासेमार, शेतमजूर आणि खाली सोलापूरकर. नदीचा उतार जसा असतो, तसाच हा अन्यायाचाही उतार आहे.

नत्राचा काही भाग वायू होऊन हवेत उडून जातो. स्फुरदाला ती वाट नाही. ते गाळात बसते, उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात विरघळते. म्हणून आज नाले बंद केले तरी धरण उद्याच निवळेल असे नाही.

मग सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे कशासाठी? तिथली नेहमीची पद्धत कुजणारी घाण काढते, स्फुरद मात्र बरेचसे तसेच पुढे सोडते. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत या केंद्रांसाठी स्फुरदाची मर्यादाच घातली नव्हती. 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कडक निकष लावायला सांगितले, त्यात तळी-जलाशयांत जाणाऱ्या पाण्यासाठी लिटरला एक मिलिग्रॅम ही मर्यादा होती.

उपाय अवघड नाहीत. आपल्या आया गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, तेच मोठ्या टाकीत करायचे. तुरटीतले किंवा लोहाच्या क्षारातले धातू स्फुरदाला धरतात आणि गाळाबरोबर तळाशी बसवतात. दुसरा उपाय जिवाणूंचा. त्यांना आधी प्राणवायूवाचून ठेवायचे, मग भरपूर हवा द्यायची. तेव्हा ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्फुरद पोटात साठवतात. जिवाणूंनी भरलेला गाळ मैल्यातले स्फुरद झपाट्याने उचलतो, हे 1959 साली जगापुढे मांडणारे श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्ले हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले होते. परदेशांनी त्यावर कारखाने उभारले. आपण मात्र अजून जलपर्णी काढण्याची टेंडरे काढतो!

तिसरा उपाय आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जंतू मारलेले, शुद्ध केलेले पाणी नदीत न सोडता उसाला, चारापिकाला द्यावे. नदीत जे विष ते वावरात खत. कच्च्या नाल्याच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर काढणे ही मात्र निराळी गोष्ट. त्यातून जंत आणि हगवण घरात येते.

एक गोष्ट आपल्या वस्त्यांनी विसरू नये. तुरटी वापरली की गाळ वाढतो, आणि तो उपसायला कोणाच्या मुलांना बोलावतात हे आपल्याला सांगायला नको. संरक्षणाच्या साधनांवाचून गटारात, टाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. नदी स्वच्छ करण्याची योजना मागताना गाळासाठी यंत्रही त्याच अर्जात मागावे.

घरच्या बायाबापड्यांसाठी दोन शब्द. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी जड, साबणाला फेस येत नाही, म्हणून काही पावडरींत फॉस्फेट घालतात. ते जडपणाचे क्षार बांधून ठेवते. पुडीवर घटक छापलेले असतील तर वाचा आणि फॉस्फेट नसलेली घ्या. युरोपीय संघाने 2013 पासून कपड्यांच्या पावडरीतले फॉस्फेट जवळपास हद्दपार केले, तरी तिथले कपडे पांढरेच आहेत. दुसरे म्हणजे, हिरवी साय धरलेले पाणी उकळून पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. उकळल्याने जंतू मरतात, काही शेवाळांचे विष मात्र तसेच राहते. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे बजावण्याची वेळ आली होती. तिथे दोष मुख्यतः शेतातून वाहून आलेल्या खताचा होता, तेव्हा उसाला डीएपी ओतताना आपणही माती तपासून घेतलेली बरी.

आपल्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला किती मिलिग्रॅम स्फुरद आहे, हा आकडा 2005 च्या माहिती अधिकाराखाली मागता येतो. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडली की झाले.