लोखंडाने गिळलेला प्राणवायू

मुलांनो, सुट्टीत कुणी छत्तीसगडला, आमच्या भिलाईला आलं की मी त्याला आधी शिवनाथ नदीवर नेतो आणि मगच शहर दाखवतो. माझी दोन्ही नातवंडं आली, तेव्हाही तेच केलं. धाकटा लगेच कुरकुरला, "आजोबा, तुम्ही तर पोलादाचा प्लांट दाखवणार होता!" मी म्हटलं, "तोच दाखवतोय. पण त्याची गोष्ट इथून सुरू होते."

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरं. दुर्गच्या पश्चिमेला शिवनाथ वाहते. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागातून ती निघते, उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे जाते आणि शेवटी महानदीला मिळते. म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या डोंगरांवर पडलेला पाऊस छत्तीसगडची भातशेती भिजवत बंगालच्या उपसागरात पोचतो. दुर्गजवळ महमऱ्याला नदीवर एनीकट आहे, म्हणजे बुटका बांध. पाणी त्याच्यामागे थांबतं आणि भरलं की वरून सांडतं. जवळच हावडा–मुंबई लोहमार्गाचा पूल आहे. अशा जागी बसलं की सपाट मैदान, संथ पाणी आणि वरून धडधडत जाणारी मालगाडी, सगळं एकदम नजरेत येतं.

मैदान इतकं सपाट का, हे नातीने विचारलं. उत्तर पायाखालीच होतं. छत्तीसगडच्या या मैदानाखाली चुनखडीचे आणि शेलचे, म्हणजे गाळापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे, थर आहेत. बहुतेक ठिकाणी ते जवळजवळ आडवे पसरले आहेत. भूवैज्ञानिकांनी त्या थरांना इथल्याच गावांची नावं दिली आहेत. चारमुरिया, गुंडरदेही, चंडी, तारेंगा अशी ती नावं. आपल्या घराघरांत असलेली शहाबादी फरशी ही याच जातीची जुनी चुनखडी, फक्त ती भीमेच्या खोऱ्यातली. आणि चुनखडी जाड थरांत एवढ्या विस्ताराने पसरलेली असेल, तर बहुधा तिथे एके काळी समुद्र होता असं समजावं. भिलाईत समुद्र! आज जवळचा किनारा शेकडो किलोमीटर लांब आहे. पण सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता.

मी पिशवीतून पहिला दगड काढला. भिलाईच्या उत्तरेला नंदिनीची चुनखडीची खाण आहे, त्या बाजूचा. त्याची कापलेली बाजू ओली केली आणि मुलांसमोर धरली. कोबी मधोमध कापल्यावर पानांच्या जशा एकावर एक वळलेल्या कडा दिसतात, तशा रेषा त्या दगडात होत्या. फिकट रेष, गडद रेष, पुन्हा फिकट. सगळ्या वरच्या बाजूला फुगलेल्या.

"झाडाचं खोड दगड झालंय का?" धाकट्याने विचारलं.

"नाही रे. तेव्हा झाड नव्हतं, गवत नव्हतं, मासासुद्धा नव्हता. हे घर बांधलंय डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी."

त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. जुन्या पुस्तकांत नीलहरित शैवाल असं नाव सापडेल. उथळ पाण्याच्या तळाशी ते कोट्यवधींनी एकत्र राहत आणि त्यांचा चिकट, हिरवट थर पसरे. पाण्यातला बारीक गाळ त्या थराला चिकटायचा. हे जीव पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरत, त्यामुळे विरघळलेला चुना बाहेर पडून तिथेच साचायचा. थर झाकला गेला की ऊन मिळेना. मग ते वर सरकायचे आणि नवा थर करायचे. पुन्हा गाळ, पुन्हा चुना, पुन्हा वर. अशा दगडांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाच्या उपसागरात ते आजही वाढताहेत. वाढीचा वेग वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. नातीने लगेच हिशोब केला. वीतभर उंच दगडाला चारशे वर्षांहून जास्त! बरोबर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी सुरुवात केली असती, तर तो आज कुठे वीतभर झाला असता.

चुनखडी ओळखायची परीक्षा तुम्हीही करू शकता. दगडाचा एक कोपरा खिळ्याने खरवडा. जी पूड निघेल तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू येते, नीट पाहिलं तर इवले बुडबुडेही दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड आहे. त्या समुद्रात बंदिस्त झालेली ती हवा इतक्या काळाने तुमच्यासमोर मोकळी होते.

आता दुसरा दगड. तो मी धाकट्याच्या हातावर ठेवला तसा त्याचा हात खाली गेला. "केवढा जड!" तेवढ्याच आकाराच्या साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट वजन होतं त्याचं. रंग काळपट, कुठे कुठे पोलादी चमक. मी फरशीच्या टाइलचा एक तुकडा आणला होता. त्याच्या मागच्या खरखरीत बाजूवर तो दगड घासायला सांगितला. काळ्या दगडाने काढलेली रेघ निघाली तांबूस लाल! मुलं चकित झाली. हेमॅटाइट ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. वरून तो काळा, करडा कसाही दिसो, पूड लालच. हेमॅटाइट म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. हा दगड दल्ली-राजहऱ्याचा, भिलाईच्या दक्षिणेला 80-90 किलोमीटरवरच्या डोंगरांतला.

राजहऱ्याची गोष्ट चुनखडीच्याही आधीची आहे. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहूनही जुन्या काळात जा. तेव्हाच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. तुम्ही तिथे पोचला असता तर दोन मिनिटांत गुदमरला असता. समुद्राच्या पाण्यात मात्र लोखंड विरघळलेलं होतं, भरपूर. आजच्या समुद्रात ते तसं राहू शकत नाही, कारण प्राणवायू त्याला लगेच पकडतो.

मग सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव वाढले. त्यांच्यापैकी सायनोबॅक्टेरियांनी एक नवी युक्ती साधली. पाणी आणि ऊन वापरून अन्न बनवायचं आणि नको असलेला प्राणवायू बाहेर टाकायचा. तो प्राणवायू पाण्यातल्या लोखंडाला भेटला. दोघांचं लग्न लागलं आणि लाल गंज तयार होऊन समुद्राच्या तळाशी बसला. प्राणवायूची मदत न घेता थेट लोखंडाचा गंज करणारे सूक्ष्म जीवही होते, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. कसंही असो, लाल लोहाचा एक पट्टा, त्यावर गारेचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचा, एक पट्टा, पुन्हा लोहाचा, असे पट्टे एकावर एक साचत गेले. राजहऱ्याच्या डोंगरात हे पट्टे साध्या डोळ्यांनी दिसतात. आपल्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातलं लोखंडही असंच फार प्राचीन खडकांतलं आहे.

समुद्रातलं लोखंड जोवर प्राणवायू गिळत होतं, तोवर हवेला तो मिळत नव्हता. लोखंडाची भूक भागत आली तेव्हा, साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी, प्राणवायू हवेत साठू लागला. आपण आत्ता घेतलेला श्वास त्या जिवांनी सुरू केलेल्या कामामुळे आहे. राजहऱ्याचा डोंगर म्हणजे गिळलेल्या प्राणवायूचं कोठार.

संध्याकाळी आम्ही मैत्री बागेत गेलो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीची खूण म्हणून 1972 साली ही बाग झाली. तळं आहे, प्राणिसंग्रहालय आहे, पांढरे वाघ पाहायला ही गर्दी असते. ते सगळं पाहून झालं. परतताना आभाळात धुरांडी उभी राहिली. पाठीमागे तांबूस झालेलं आकाश आणि त्यावर काळ्या रेषांत भिलाई पोलाद कारखाना. मुंबईचं क्षितिज इमारतींचं, पुण्याचं टेकड्यांचं, भिलाईचं झोतभट्ट्यांचं.

या कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी झाला. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे कामाला आली. आपली मराठी कुटुंबंही आली आणि इथलीच झाली. कारखाना इथेच का, याचं उत्तर मुलांना आता माहीत होतं. दक्षिणेला लोखंडाचा डोंगर, उत्तरेला चुनखडी, तांदुला धरणाचं पाणी आणि दारावरून जाणारा लोहमार्ग.

"आता सांगा, भट्टीत काय होत असेल?" मी विचारलं.

"लोखंड वितळत असेल," धाकटा म्हणाला.

वितळतं, पण त्याच्या आधी एक मोठं काम होतं. दगडातलं लोखंड प्राणवायू सोडायला तयार नसतं. त्याला सोडवायला लागतो दगडी कोळशापासून केलेला कोक. आपल्याकडचा बहुतेक दगडी कोळसा 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. भट्टीच्या वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी आत पडतात आणि खालून तापलेली हवा जोरात सोडतात. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वर जाता जाता दगडातला प्राणवायू ओढून घेतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. मोकळं झालेलं लोखंड दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापून रसासारखं खाली साचतं. चुनखडी काय करते? दगडातली गार, माती स्वतःत ओढून घेते. त्याची मळी बनते, ती हलकी म्हणून लोखंडावर तरंगते. तीही वाया जात नाही, तिच्यापासून सिमेंट करतात.

नात काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे समुद्रात लागलेलं लग्न इथे मोडतात?"

अगदी तेच. 250 कोटी वर्षांपूर्वीचं लोखंड, 100 कोटी वर्षांपूर्वीची चुनखडी आणि 25-30 कोटी वर्षांपूर्वीचं जंगल भट्टीत भेटतात आणि काही तासांत लोखंड सुटतं. त्याचं पोलाद होतं. भिलाईत 130 मीटर लांबीचे अखंड रूळ बनतात. दोन जोडून 260 मीटरचा एक रूळ करून ते पाठवतात. पूर्वी आगगाडीत बसलं की सांध्यांवरून चाकं जाताना सारखं ठकठक ऐकू यायचं. ते आता कमी झालं, कारण रूळ लांब झाले आणि सांधे वितळजोड देऊन बुजवले गेले.

पण लोखंड जुनं नातं विसरत नाही. पुढच्या वेळी फलाटावर उभे राहाल तेव्हा रुळाकडे नीट बघा. मात्र फलाटावरूनच, खाली उतरू नका. वरची बाजू चाकांनी घासून लखलखीत असते आणि दोन्ही बाजू तपकिरी. तो गंज, म्हणजे हवेतला प्राणवायू पुन्हा येऊन चिकटला. ओल मिळाली की हे आणखी लवकर होतं. म्हणून तर नदीवरच्या पोलादी पुलाला पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो. आपल्या रक्तातही हेच लोखंड आहे, मोठ्या माणसाच्या अंगात 3 ते 4 ग्रॅम. तिथे मात्र ते शहाण्यासारखं वागतं. फुप्फुसात प्राणवायू धरतं आणि शरीरात जिथे गरज असेल तिथे सोडतं.

आता एक गोष्ट काळजीपूर्वक ऐका. भट्टीतून लोखंड मिळतं, तसा कार्बन डायऑक्साइडही हवेत जातो. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळात हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे 280 रेणू होते. आज 420 हून जास्त आहेत. इवल्या जिवांनी पृथ्वीची हवा बदलायला कोट्यवधी वर्षं घेतली. आपण ती दोन-अडीचशे वर्षांत बदलतोय, आणि उष्मा वाढतोय. राजहऱ्याचं चांगलं खनिजही संपत आलंय. म्हणून भिलाईसाठी बस्तरच्या बाजूला रावघाटच्या खाणीकडे वळावं लागलं. जे साचायला युगं लागली, ते एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात खर्ची पडलं.

यावर उपाय शोधणारी माणसं आहेत. कोकऐवजी हायड्रोजनने खनिजातला प्राणवायू काढता येतो. तेव्हा धूर न निघता पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये 2021 साली अशा पद्धतीने बनवलेलं पोलाद पहिल्यांदा ग्राहकाला दिलं गेलं. पुढे भिलाईच्या क्षितिजावर कशाच्या भट्ट्या असतील, हे कदाचित तुमच्यापैकीच कुणी ठरवेल.

तोवर एक काम आजच करा. घरात मोडकी सायकल, गंजलेला पत्रा, तुटकी कात्री पडली असेल तर ती कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला द्या. पोलाद कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं. भंगारातून केलेल्या पोलादासाठी राजहऱ्याच्या डोंगराला हात लावावा लागत नाही आणि नव्या पोलादापेक्षा कोळसाही खूपच कमी जळतो.