खोऱ्यात युनिक्स किती न्यावे?

भोरमधले भाटघर किंवा वेल्ह्यातले पानशेत धरण घ्या. त्यांच्या पाणलोटात पाऊस आणि पाणीपातळी मोजणारे यंत्र बसवायचे झाले, तर त्याच्या बोर्डावर कोणती कार्यप्रणाली चालवावी? ‘लिनक्स टाका’ हे उत्तर सहज दिले जाते. माझ्या मते युनिक्सची फाइल, डिव्हाइस आणि सिस्टिम कॉल ही शिस्त ठेवावी, त्यामागची जड यंत्रणा मात्र सोडून द्यावी.

पुण्यात या प्रश्नाला पूर्वपीठिका आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉसच्या टी८०० ट्रान्सप्युटर या प्रोसेसर-चिपवर. प्रक्रियांना पाळीपाळीने चालवण्याची सोय या चिपमध्येच होती, पण एमएमयू, म्हणजे प्रत्येक प्रक्रियेचे पत्ते प्रत्यक्ष मेमरीशी जुळवणारे एकक, नव्हते. युनिक्सचा फोर्क तिथेच अडतो. फोर्क चालू प्रक्रियेची प्रत काढतो. एमएमयू असेल तर मूळ आणि प्रत दोघांना पत्ते तेच दिसतात, प्रत्यक्ष मेमरी मात्र वेगळी मिळते. ते नसेल तर प्रत दुसऱ्या जागी जाते आणि तिच्यातले पॉइंटर मूळ प्रक्रियेच्याच मेमरीकडे बोट दाखवत राहतात. म्हणून ट्रान्सप्युटरसाठीच्या हेलिऑस या कार्यप्रणालीने युनिक्सचा तोंडवळा ठेवला, पण मेमरी-संरक्षण सोडले. सी-डॅकने ‘पारस’ हे स्वतःचे प्रोग्रामिंग वातावरण घडवले. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते आणि नोडवर सोलारिस ही पूर्ण युनिक्स प्रणाली. त्याच वर्षी यूसीलिनक्स ही लिनक्सची आवृत्ती एमएमयूविना चालू लागली. तिथे फोर्कऐवजी व्हीफोर्क, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू होईपर्यंत मूळ प्रक्रियेने थांबायचे.

कोणी म्हणेल, एमएमयू असलेल्या चिप आता स्वस्त आहेत, मग ही काटकसर कशाला? कारण वीज. सौर पॅनेल नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, सह्याद्री दिवसचे दिवस ढगात असताना, उपाशी राहते; नोंदीही तेव्हाच हव्या असतात. लिनक्सचा बोर्ड वॉटच्या हिशेबात वीज खातो, तर झोपलेला मायक्रोकंट्रोलर मायक्रोवॉटवरही भागवतो. सी-डॅकच्याच तेजस३२ चिपमध्ये २५६ किलोबाइट एसरॅम आहे. एवढ्यात नेहमीचे लिनक्स मावणारच नाही, पण २००७ पासूनच्या नटएक्सच्या जातीची, पॉझिक्स म्हणजे युनिक्सच्या प्रमाणित सिस्टिम कॉलची प्रणाली मावू शकते. ती नव्या बोर्डावर आणायची तर आरंभीचा कोड, इंटरप्ट, टायमर, संदर्भ-बदल आणि सिरियल पोर्ट एवढे आधी लिहावे लागते. सिरियल पोर्टवर पहिले अक्षर उमटेपर्यंत सगळा अंधारच असतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका सेन्सरसाठी साधे लूप पुरेसे नाही का? सेन्सर, मोडेम आणि नोंदवही बदलणार नसतील तोवर पुरेसे आहे. पण मोडेम बदलला की लूप उसवावे लागते. मोडेम ही एक फाइल असेल, तर बदल ड्रायव्हरपुरता राहतो आणि उरलेला कोड पुण्यातल्या टेबलावरच्या लिनक्सवर तपासता येतो. मेमरी-संरक्षण गमावल्याची किंमत खरी आहे. एक चुकार पॉइंटर सगळे बंद पाडतो. त्यासाठी अडकलेले यंत्र पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर हवा, आणि वीज मध्येच गेली तरी जुनी नोंद शाबूत ठेवणारी लिटलएफएससारखी फाइल सिस्टिमही हवी.