अंगठ्याएवढी माणसे

माझी उंची चार फूट अकरा इंच आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांना ते पुढे केव्हातरी कळायचेच, आणि मागाहून कळले म्हणजे लेखकाने काही दडवून ठेवले असा उगाच संशय येतो.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या वह्या तपासताना एका वहीच्या शेवटच्या पानावर मला माझे चित्र सापडले. हुबेहूब मी! चष्मा, बगलेत हजेरीपुस्तक, आणि डोक्यावर शेंड्याशी लवलेली टोकदार टोपी. पायाशी एक अळंबे. राग यायला हवा होता. पण चित्र इतके चांगले होते की मी ते दोन वेळा पाहिले. वर्गात मला 'वामनराव' म्हणतात हे मला ठाऊक होते. त्यात नवे काही नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला सगळा महाराष्ट्र बळीराजाच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा माझे स्नेही 'या, आज तुमचीच चौकशी आहे,' असे म्हणून दरवर्षी माझे स्वागत करतात. पण ही टोपी आपल्याकडची नव्हती. ती कोठून आली, याच्या मागे मी लागलो.

ती खाणीतून आली. इंग्रजी गोष्टींत ज्याला 'नोम' म्हणतात तो हा प्राणी. हे नाव रूढ केले पॅरासेल्सस या वैद्याने. तो 1541 मध्ये वारला; त्याचा ग्रंथ 1566 मध्ये छापून निघाला. पंचमहाभूतांपैकी चारांना त्याने एकेक रहिवासी वाटून दिला, आणि पृथ्वीच्या वाट्याला हे ठेंगू आले. मासा पाण्यातून जातो तसे ते दगडमातीतून आरपार जातात, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास, 1549 मध्ये, अ‍ॅग्रिकोला नावाच्या जर्मन पंडिताने भूमिगत प्राण्यांवर एक पुस्तक लिहिले. खाणींच्या गावी वैद्यकी केलेला हा माणूस, फार भोळा नव्हे. पण त्यानेही तीन विती उंचीच्या छोट्या खाणकऱ्यांची नोंद केली आहे. खाणकऱ्याचाच पोशाख, कमरेला कातडे. दिवसभर खटपट करीत असल्याचा देखावा करतात आणि प्रत्यक्षात काहीच करीत नाहीत. (असे प्राणी जमिनीच्या वरही आढळतात, पण मला नोकरी टिकवायची आहे.) त्या काळच्या जर्मन खाणकऱ्यांच्या चित्रांत डोक्यावर टोकदार कुंची दिसते. माझ्या चित्रातली टोपी ती हीच!

या खाणीतल्या भुतांनी एक मोठी खूण मागे ठेवली आहे. सॅक्सनीच्या खाणीत चांदीसारखे दिसणारे खनिज सापडे. ते भट्टीत घातले की चांदी तर मिळत नसेच, उलट विषारी धूर निघून माणसे आजारी पडत. 'कोबोल्ट'ने चांदी पळवली, असे खाणकरी म्हणत. 1735 च्या सुमारास ब्रांट नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू वेगळा काढला आणि नाव तेच ठेवले: कोबाल्ट. 1751 मध्ये निकेलचेही तसेच झाले. तांब्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्या दुसऱ्या एका खट्याळाचे ते नाव. 1950 नंतरचा आपला रुपया काही वर्षे शुद्ध निकेलचा होता, आणि आज खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत पुष्कळदा कोबाल्ट असते. म्हणजे आपण सारेच या बुटक्यांना खिशात घेऊन हिंडतो.

पण मला खरी ओढ लागली ती लॅम्पोर्ट नावाच्या एका इंग्रजी खेड्याची. तेथल्या वाड्याचे मालक सर चार्ल्स आयशम हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. शाकाहारी, आणि परलोकविद्येवर विश्वास ठेवणारे. त्यांनी वाड्याशेजारी दगडांचा एक कृत्रिम डोंगर रचला आणि 1847 च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गहून भाजलेल्या मातीचे एकवीस ठेंगू आणून त्याच्या कपारींत बसवले. कोणी कुदळ घेतलेला, कोणी संपावर गेलेला! आपली मुले दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि बुरुजावर मातीचे मावळे उभे करतात. तोच हा उद्योग. फरक एवढाच की आपला किल्ला तुळशीच्या लग्नाच्या आसपास मोडतो, आणि आयशमसाहेबांनी आपला जन्मभर सांभाळला. 1903 मध्ये ते वारले. त्यांच्या मुलींना ती ध्याने मुळीच पसंत नव्हती. सगळी काढून टाकली. एक मात्र खोल कपारीत दडून राहिले, ते पुढे सापडले. इंग्लंडमधला बागेतला सर्वांत जुना नोम म्हणून आज तो काचेआड बसला आहे आणि त्याचा विमा दहा लाख पौंडांचा असल्याचे सांगतात.

मौज पुढेच आहे. याच लॅम्पोर्टच्या धर्मोपदेशकाच्या घरी 1905 मध्ये एक मुलगा जन्मला. डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड त्याचे नाव. लहानपणी आपण एक छोटा माणूस प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला, असे तो मोठेपणी सांगे. 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, 'बीबी' या टोपणनावाने त्याने इंग्लंडातल्या शेवटच्या नोमांची गोष्ट लिहिली. एका ओढ्याकाठी झाडाच्या मुळांत राहणारे तिघे म्हातारे. चौथा भाऊ ओढ्याच्या उगमाकडे गेला तो परतलाच नाही. त्याला शोधायला ते निघतात. जादू जवळजवळ नाहीच. मासे पकडायचे, थंडीची बेगमी करायची, कोल्ह्यापासून जीव वाचवायचा. वाचताना कोठेही हसू येत नाही; येते ती काळजी.

येथे मला माझा निकष सापडला. छोट्या माणसांविषयी लिहिणारे दोन प्रकारचे असतात: वरून पाहणारे आणि खाली बसून पाहणारे. स्विफ्टने 1726 मध्ये लिलिपुट लिहिले ते वरून. सहा इंचांची माणसे. त्यांचे दरबारी मानापमान, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून त्यांची युद्धे. त्याला हाणायचे होते ते पूर्ण उंचीच्या इंग्रजांना, हे खरे. पण मार बसतो तो बिचाऱ्या लिलिपुटवासीयांच्या पाठीवर. हिमगौरीच्या सात बुटक्यांचेही तसेच. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात त्यांना नावेसुद्धा नाहीत. ते डोंगरात खनिज खणणारे कष्टाळू, नीटनेटके गृहस्थ आहेत. डिस्नेच्या 1937 च्या चित्रपटात एक चिडका झाला, एक झोपाळू, एक शिंकरा. तेव्हापासून त्यांना पाहून हसायचे असते असे मुले समजतात.

मेरी नॉर्टनबाई मात्र खाली बसल्या. लहानपणी त्यांची नजर अधू होती. इतर मुले दूरचे डोंगर पाहत तेव्हा त्या बांधावरची मुळे आणि गवत न्याहाळीत. 1952 मध्ये त्यांनी जुन्या घराच्या तक्तपोशीखाली राहणारे एक कुटुंब रंगवले: आई, बाप, मुलगी. वरच्या माणसांच्या हरवलेल्या वस्तूंवर त्यांचा संसार. काड्यापेट्यांचे खण, टीपकागदाचा गालिचा, आणि भिंतीवर तसबिरी म्हणून पोस्टाची तिकिटे. या कुटुंबाला मांजराची भीती आहे, पण सर्वांत मोठी भीती एकच: आपण दिसलो तर? कोणी 'पाहिले' की घर सोडायचे. मी ते पुस्तक प्रथम वाचले तेव्हा विशीत होतो. बसच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, छायाचित्र काढताना 'जरा पुढे या हो' म्हणून सगळ्यांनी वळून पाहिले की काय होते, हे त्या परदेशी बाईला कसे कळले, कोणास ठाऊक.

आपल्याकडे काय? आपल्याकडे वालखिल्य आहेत. अंगठ्याएवढे साठ हजार ऋषी. महाभारताच्या आदिपर्वात त्यांची गोष्ट आहे आणि ती माझ्या मते या साऱ्या साहित्याच्या तोंडात मारील अशी आहे. कश्यपाच्या यज्ञासाठी सगळे समिधा आणीत होते. इंद्राने डोंगराएवढा भारा उचलला. वाटेत त्याला वालखिल्य दिसले: सगळे मिळून पळसाचे एक पान ओढीत होते, आणि गाईच्या खुराच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात बुडत होते. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. बस्स, एवढेच त्याने केले. वालखिल्यांनी तेथेच दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी यज्ञ मांडला. घाबरून इंद्र कश्यपाकडे धावला. शेवटी तडजोड निघाली, की हा दुसरा इंद्र पक्ष्यांचा व्हावा. तो गरुड. त्याने पुढे स्वर्गात शिरून इंद्राच्या डोळ्यांदेखत अमृत पळवले. आणि हाच गरुड, फांदी मोडली तेव्हा तिच्यावर उलटे टांगून तप करणारे वालखिल्य पाहून, त्यांना इजा होऊ नये म्हणून ती चोचीत धरून आकाशात घिरट्या घालीत राहिला.

ही गोष्ट मी त्या वर्गात सांगितली. चित्राविषयी अवाक्षर काढले नाही. नंतर फळ्यावर प्रश्न लिहिला: नोमला मराठी शब्द काय? 'बुटका,' असे पहिल्या बाकावरून आले आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. मला त्यांची दया आली. मी म्हटले, तो शब्द गोष्टीत चालतो, पण रस्त्यात लागतो. कुबेराचे धन सांभाळणारे, गुहांत राहणारे 'गुह्यक' आपल्याकडे आहेत. कालिदासाने मेघदूतातल्या यक्षालाही गुह्यक म्हटले आहे. तो शब्द घेऊ या. यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली. 'गुह्य'चा दुसरा अर्थ त्यांना बरोबर ठाऊक होता. शब्द तेथेच बारगळला.

मग मी त्यांना पितळखोऱ्याच्या यक्षाविषयी सांगितले. कन्नडजवळच्या त्या लेण्यांत सापडलेला हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांहून जुना. ठेंगणा, ढेरपोट्या, डोक्यावर पात्र तोललेले, आणि चेहऱ्यावर असे प्रसन्न हसू की समोर उभे राहिलो तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर आले. न्यूरेम्बर्गचे ठेंगू त्याच्यापुढे कालचे पोर. त्याच्या हातावर चार अक्षरे कोरली आहेत: कण्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला. दागिन्यांची सवय असलेल्या हाताने दगड घडवला आणि नाव घालायला तो विसरला नाही.

'चांगल्या चित्रकाराने सही करावी,' एवढे म्हणून मी वह्या परत वाटल्या.

पुढच्या खेपेला ती वही आली तेव्हा शेवटचे पान मी आधी उघडले. टोपी खोडून तेथे पात्र काढले होते. अळंबे तसेच होते. आणि उजव्या हाताच्या तळव्यावर, भिंग लावून वाचावी लागतील अशी, दोन अक्षरे.

उंचीत मात्र तिने एका सेंटिमीटरचीही सवलत दिली नव्हती.