नान्नजच्या माळावरील फुलोरा

सोलापूर म्हटले की चादरी, ज्वारीची शेते आणि वैशाखातील ऊन यांचीच आठवण होते. रानफुले पाहण्यासाठी या जिल्ह्यात यावे, असे सहसा कोणास सुचत नाही. तथापि बार्शी रस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर असलेल्या नान्नजच्या माळास भाद्रपद-आश्विनात वनखात्याच्या परवानगीने एक फेरी घालावी.

सह्याद्रीवर श्रावणातच फुले उमलतात. सोलापूर पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा जोर सप्टेंबरात. साहजिकच माळाचा बहर उशिराचा. मुरमाच्या वीतभर मातीत प्रथम विष्णुक्रांतेचे निळे ठिपके दिसू लागतात. पायवाटेच्या कडेला सराट्याची पिवळी फुले असतात. त्याचे काटे तेवढे सर्वांच्या परिचयाचे! ओढ्याकाठी कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात. तरवड तर सोन्याने मढल्यासारखा दिसतो. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते, आणि त्याची साल कातडी कमावण्यास वापरली जात असे.

या सर्वांना आधार आहे तो गवताचा. पवन्या, मारवेल आणि कुसळी ही येथील मुख्य गवते. कुसळीची रचना विलक्षण आहे. तिच्या बियांचे लांब कुसळ ओलाव्याने उलगडते, वाळले की पुन्हा पिळते, आणि या हालचालीने बी स्वतःच जमिनीत शिरते.

१९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली येथील काही माळ चराईबंद झाले व गवत पुन्हा वाढले. १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी आता येथे क्वचितच दृष्टीस पडतो. काळवीट व लांडगे मात्र आहेत.

माळाची नोंद 'पडीक' अशी झाली की तेथे वृक्षारोपणाचा ठराव येतो. हेतू चांगला असला तरी परिणाम उलट होतो. दाट सावलीत ही गवते तग धरीत नाहीत, गवताबरोबर फुले जातात, आणि मोकळ्या रानात वावरणाऱ्या पक्ष्यांस आसरा उरत नाही. झाडे लावायची तर गावठाण, शाळेचे आवार आणि रस्त्याच्या कडा आहेतच. माळावरील गवत बी झडल्यानंतर कापल्यास गुरांना वैरण मिळते, आणि पुढील पावसाचे बियाणे जमिनीतच राहते.